शब्द एकटा घरी आणू नका

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की या वेळचं सदर फक्त शब्दसंग्रहाच्या प्रश्नांसाठी. पत्रं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आली, आणि बरीचशी आपल्या नाशिक जिल्ह्यातलीच आहेत. मी नाशिकरोडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या लहानपणी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं. तरी 'बाई, अर्थ माहीत आहे, पण वापरता येत नाही' हे वाक्य मी दोन्ही पिढ्यांकडून ऐकलं. म्हणून आज मोजकीच पत्रं घेते आणि त्यांना सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न : मी निफाडहून रोज एसटीने नाशिकला कॉलेजला येते. एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमाच्याच मैत्रिणी, त्यामुळे इंग्रजी कानावर कमी. जूनपासून रोज दहा शब्द अर्थासकट वहीत लिहून पाठ करते. चार वह्या भरल्या. पण आठ दिवसांनी मागचं पान उघडलं की निम्मे शब्द अनोळखी वाटतात, आणि बोलताना तर एकही तोंडात येत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? (एक विद्यार्थिनी, निफाड)

उत्तर : तुझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. चार वह्या भरणाऱ्या मुलीच्या जिद्दीबद्दलही मला शंका नाही. चूक वहीच्या मांडणीत आहे. तू पाठवलेल्या दोन पानांचे फोटो मी मोठे करून वाचले. पहिल्याच पानावर ओळीने अबँडन, अबेट, अ‍ॅबॉलिश, अबंडंट, आणि प्रत्येकापुढे एकेक मराठी अर्थ. म्हणजे तू डिक्शनरी पहिल्या पानापासून उतरवायला घेतली आहेस.

लग्नाच्या मांडवात कुणी एकदम दहा जणींची ओळख करून दिली, सुनीता, सुनंदा, सुषमा, सुमन, तर घरी आल्यावर कोणती कोण ते आठवेल का? एकसारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी भेटले की ते एकमेकांना पुसतात. त्यामुळे अक्षराच्या क्रमाने शब्द शिकणं आजपासून बंद.

आता त्यातला एकच शब्द घेऊ या, अबँडन. तू अर्थ लिहिला आहेस 'सोडून देणे'. चूक नाही, पण मराठीत आपण काय काय सोडतो ते बघ. नोकरी सोडतो, तंबाखू सोडतो, उपासाला भात सोडतो, मुलाला शाळेत सोडतो, 'जाऊ दे, सोडून दे' म्हणून राग सोडतो. यातल्या एकाही ठिकाणी अबँडन बसत नाही. नोकरीला लीव्ह किंवा क्विट, तंबाखूला गिव्ह अप, मुलाला शाळेत ड्रॉप, रागाला लेट गो. मग अबँडन कुठे? मुंबईकडे जाताना हायवेच्या कडेला काचा फुटलेली, चाकं काढून नेलेली, महिनोन्‌महिने धूळ खाणारी एखादी गाडी दिसते, ती अबँडन्ड कार. मालक परत न आलेलं, पिंपळ उगवलेलं घर, ते अबँडन्ड हाऊस. ज्याची जबाबदारी आपल्यावर होती त्याला टाकून निघून जाणं, असा त्याचा भाव आहे. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे, 'वाऱ्यावर सोडणे'. हा अर्थ तू वहीत लिहिला असतास आणि शेजारी त्या गाडीचं एक वाक्य टाकलं असतंस, तर हा शब्द तुला मरेपर्यंत पुरला असता.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शब्द एकटा राहत नाही, त्याची ठरलेली सोबत असते. मराठीत उजेड लख्ख असतो आणि काळोख मिट्ट. 'मिट्ट उजेड' कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे तुला कुणी शिकवलेलंही नाही. पाऊस मुसळधार, झाडी गर्द, चहा कडक, ऊन रणरणतं. इंग्रजीतही तसंच आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा मात्र 'स्ट्राँग'. रहदारी 'हेवी', पण चहा 'स्ट्राँग'. 'स्ट्राँग रेन' म्हटलं तर समोरच्याला कळेल, पण कानाला खडा लागल्यासारखं होईल. चूक ही 'डू' करायची नसते, 'मेक' करायची असते, मेक अ मिस्टेक. गृहपाठ मात्र 'डू' करायचा. निर्णय 'टेक' चालतो, 'मेक'ही चालतो. याला नियम शोधत बसू नकोस. शब्द घरी आणायचा तो जोडीनेच आणायचा. वहीत 'रेन' असा एकटा शब्द न लिहिता 'हेवी रेन' लिही, आणि खाली स्वतःचं वाक्य: काल पिंपळगावजवळ हेवी रेनमुळे एसटी थांबली. असं वाक्य तुझ्या आयुष्यातलं असलं की शब्दाला धरायला जागा मिळते.

आता विसरण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून स्वतःवरच विसरण्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. त्याला दिसलं, की पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं, मग निसटण्याचा वेग कमी कमी होत जातो. म्हणजे तुझं आठ दिवसांत निम्मं गेलं, तर तू त्या विद्वानापेक्षा बरीच बरी आहेस. यावरचा उपाय सोपा आहे. शब्द पूर्ण विसरायच्या आधी तो पुन्हा भेटला पाहिजे. आज शिकलीस तर उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली यासाठी खोक्याची पद्धत सांगितली. ती मी वर्गात अशी करायचे: चिवड्याचा रिकामा डबा घ्यायचा, पुठ्ठ्याने त्यात चार कप्पे करायचे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं कापायची. पुढच्या बाजूला जागा रिकामी सोडलेलं वाक्य आणि मागे तो शब्द. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर निफाड ते नाशिक एवढ्या वेळात तीस कार्डं सहज होतात. वही मात्र आता कपाटात ठेव.

आणि शब्द कोणते निवडायचे? मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ स्वातंत्र्यापूर्वी बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. मुलं इंग्रजी शिकतात पण साधं पुस्तक वाचू शकत नाहीत, हे त्यांना तिथे दिसलं. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार अत्यंत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दहांपैकी जवळजवळ आठ शब्द त्या यादीतलेच निघतात. त्यात 'अबेट' नाही; 'गेट', 'टेक', 'कीप', 'रन' आहेत. हे शब्द तुला येतात असं तुला वाटतं. पण 'रन अ शॉप', 'रन आउट ऑफ साखर', 'रन इंटू अ फ्रेंड' हे तिन्ही येतात का? दुकान चालवणं, साखर संपणं, रस्त्यात मैत्रीण अचानक भेटणं. रोज दहा नकोत, तीन पुरेत. पण ते तिन्ही चहूबाजूंनी शिक.

प्रश्न : मॅडम, माझी दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. यंदा माल एका एक्स्पोर्ट कंपनीला दिला. पैशाची चौकशी केली तर मेल आला, त्यात 'पेमेंट सब्जेक्ट टू रेसिड्यू रिपोर्ट' आणि खाली 'आउटस्टँडिंग अमाउंट' असं होतं. सब्जेक्ट म्हणजे विषय आणि आउटस्टँडिंग म्हणजे उत्तम, एवढं मला येतं. मेलमधला प्रत्येक शब्द ओळखीचा होता, पण अर्थ लागला नाही. पुतण्याने सांगितलं तेव्हा कळलं की पैसे अडकलेत. (एक बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शब्द ओळखीचे आणि अर्थ परका, असा अनुभव फार जणांना येतो, आणि अशा वेळी नुकसान पैशाचं होतं. अवघड शब्द आला तर माणूस विचारतो. सोपा शब्द आला की विचारत नाही, तिथेच फसतो.

'सब्जेक्ट टू' हा जोडशब्द एकत्रच वाचायचा. त्यात विषय कुठेच नाही. अर्थ आहे 'च्या अटीवर', सरकारी मराठीत 'च्या अधीन राहून'. म्हणजे अवशेष तपासणीचा अहवाल चांगला आला तरच पैसे. पाहुणे येणार आहेत, पण रजा मिळाली तर, तसं हे. 'आउटस्टँडिंग'ला खरंच दोन अर्थ आहेत. मुलाच्या प्रगतिपुस्तकात असेल तर असामान्य, हिशोबाच्या कागदावर असेल तर येणं बाकी. एक गठ्ठ्यातून उठून दिसणारा, दुसरा वहीत अजून उभाच असलेला, मिटवलेला नाही. शब्द कोणत्या कागदावर आहे ते आधी बघा, मग अर्थ लावा.

व्यापाराच्या कागदावर असेच आणखी काही शब्द वेष बदलून येतात. 'पेमेंट अगेन्स्ट डिलिव्हरी' यात कुणी कुणाच्या विरुद्ध नाही. माल पोचला की त्याबदल्यात पैसे. 'ड्यू डेट' म्हणजे पैसे देण्याची शेवटची तारीख, पण 'ड्यू टू रेन' म्हणजे पावसामुळे. 'प्लीज अ‍ॅडव्हाइज' असं लिहून आलं तर ते तुमचा सल्ला मागत नाहीत, 'कळवा' म्हणतात. 'बॅलन्स' म्हणजे उरलेली रक्कम. कोणाकडे उरलेली, ते वाक्यात शोधायचं.

आता 'रेसिड्यू'. हा शब्द तुमच्या धंद्याचा आहे, तर तो मुळापासूनच धरा. लॅटिनमध्ये 'मागे बसून राहणे' असा अर्थ असलेलं एक क्रियापद आहे. त्यातूनच 'रेसिडेंट' आला, म्हणजे राहणारा, आणि त्यातूनच 'रेसिड्यू'. फवारलेल्या औषधाचा जो अंश मण्यावर मुक्काम ठोकून बसतो, तो रेसिड्यू. युरोपला माल जाताना एमआरएल म्हणतात ती या मुक्कामाचीच कमाल मर्यादा, मॅक्सिमम रेसिड्यू लिमिट. यात 'लिमिट' तुम्हाला येतो, 'मॅक्सिमम' येतो, आणि आता 'रेसिड्यू'ही आला.

तुम्ही कोणतंही शब्दांचं पुस्तक विकत घेऊ नका. तुमचं पुस्तक शेडमध्येच आहे, औषधाच्या बाटल्यांवर. आपल्याकडच्या प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत चौकोन असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. त्यासोबत छापलेले इंग्रजी शब्दही उतरत्या क्रमाने असतात. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', म्हणजे विष. निळ्यावर 'डेंजर', म्हणजे धोका. हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे जपून. तीन शब्दांमधला जोराचा फरक इतका नीट मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात दाखवता आला नाही. त्याच लेबलवर पुढे 'वेटिंग पीरियड' दिसेल. शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. हा एक शब्द नीट कळला तर रेसिड्यूचा अर्धा प्रश्न बागेतच सुटतो.

आणि कंपनीला आता दोन ओळींचा मेल पाठवा: प्लीज शेअर द रेसिड्यू रिपोर्ट, आणि प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट. 'शेअर' म्हणजे इथे पाठवा, 'कन्फर्म' म्हणजे नक्की करून कळवा. तारीख लेखी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत, इंग्रजी माध्यमात आहे. पालकसभेत सांगितलं की घरी इंग्रजीतच बोला, नाहीतर मुलांचे शब्द वाढत नाहीत. माझं शिक्षण मराठीतून बारावी. मी चुकीचं इंग्रजी बोलू की गप्प बसू? (एक गृहिणी, सिडको)

उत्तर : ताई, गप्प तर बसूच नका, आणि मराठीही थांबवू नका. हे मी ठामपणे सांगते. ज्या मुलाला आईच्या भाषेत बारकावे कळतात, त्याला दुसऱ्या भाषेतले बारकावे शोधायची सवय लागते. तुमच्याकडे शब्दांची किती श्रीमंती आहे, ते स्वयंपाकघरात उभं राहून बघा.

आपण पुरी तळतो, कांदा परततो, शेंगदाणे भाजतो, पाणी उकळतो, बटाटे उकडतो, मोदक वाफवतो. इंग्रजीत तळणं आणि परतणं दोन्हींना 'फ्राय' म्हणता येतं. फरक दाखवायचा असेल तर तळायला 'डीप फ्राय' आणि परतायला 'स्टर फ्राय'. पाणी उकळणं आणि बटाटे उकडणं, दोन्ही 'बॉइल'. पण मंद आचेवर आमटी रटरटत ठेवणं, याला त्यांच्याकडे सुंदर शब्द आहे, 'सिमर'. मुलीला गॅसजवळ, सुरक्षित अंतरावर उभी करा आणि दोन्ही भांडी दाखवा: हे बॉइल होतंय, हे सिमर होतंय. तिला पुन्हा सांगावं लागणार नाही.

केळं सोलणं 'पील', पण मटारच्या शेंगा सोलणं 'शेल'. खोबरं किसणं 'ग्रेट', शेंगदाण्याचं कूट करणं 'क्रश', उकडलेला बटाटा कुस्करणं 'मॅश'. कणीक मळणं 'नीड'. स्पेलिंग लिहिताना मात्र सुरुवातीला के लागतो, उच्चारात तो नाही. 'नी' म्हणजे गुडघा, 'नाइफ' म्हणजे सुरी, 'नो' म्हणजे माहीत असणे, या सगळ्यांत तोच मुका के आहे. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक तो खरोखर उच्चारत असत. उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं. आणि तांदूळ 'निवडणे' याला त्यांच्याकडे आपल्यासारखा सुटसुटीत शब्द नाही, 'पिक ओव्हर' असं दोन शब्दांत म्हणावं लागतं. हेही तिला सांगा. आपल्या भाषेत एखादी गोष्ट जास्त आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

वाक्यं तुम्ही मराठीतच बोला. शब्द तिला विचारा: याला तुमच्या शाळेत काय म्हणतात गं? ती शिक्षिका होईल, तुम्ही विद्यार्थी. मुलांना याहून आवडता खेळ नाही.

प्रश्न : अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बाहेरदेशच्या कस्टमरशी मेलवर बोलावं लागतं. 'रिव्हर्ट', 'प्रीपोन', 'पासआउट', 'आय हॅव अ डाऊट' हे शब्द चुकीचे आहेत असं एका सहकाऱ्याने सांगितलं. आम्ही तर रोज वापरतो. (एक वाचक, अंबड)

उत्तर : सरसकट चुकीचे नाहीत. काही आपले घरचे आहेत आणि परगावी चालत नाहीत, एवढंच.

'प्रीपोन' भारतीय इंग्रजीने रूढ केलेला शब्द आहे आणि तो इंग्लंडच्या मोठ्या शब्दकोशांतही गेला आहे. आपल्या लोकांशी खुशाल वापरा, बाहेरच्यांना 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. 'रिव्हर्ट'चा तिकडचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे, पडीक शेतात पुन्हा रान माजणं तसा. उत्तर देण्यासाठी 'रिप्लाय' हाच शब्द बरा. 'पासआउट' मात्र जपून. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अकादमीत पासिंग आउट परेड होते. तिथे तो शब्द बरोबर आहे, तो लष्करी आणि पोलिसी शिक्षणातलाच आहे. पण तुम्ही परदेशी माणसाला 'आय पास्ड आउट इन २०१९' लिहिलंत, तर त्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होतात. 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

'डाऊट'ची गंमत मराठीत आहे. आपली 'शंका' दोन कामं करते. 'सर, एक शंका आहे' म्हणजे प्रश्न आहे, आणि 'मला त्याच्यावर शंका आहे' म्हणजे विश्वास नाही. इंग्रजी 'डाऊट' मुख्यतः दुसरं काम करतो. कस्टमरने रिपोर्ट पाठवला आणि तुम्ही 'आय हॅव अ डाऊट' लिहिलंत, तर त्याला वाटू शकतं की तुम्ही त्याच्या रिपोर्टवर अविश्वास दाखवताय. 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. एका शब्दाने मेलचा सूर बदलतो.

प्रश्न : बारावीला आहे. क्लासमध्ये सांगितलं की निबंधात साधे शब्द नकोत, समानार्थी भारी शब्द वापरा, मार्क वाढतात. म्हणून 'बिगिन'ऐवजी 'कमेन्स', 'यूज'ऐवजी 'युटिलाइज', 'डाय'ऐवजी 'एक्स्पायर' असे दोनशे शब्द केलेत. हे योग्य आहे ना? (एक विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : दोनशे शब्द केलेस हे चांगलं केलंस, ते वाया जाणार नाहीत. पण ते एकमेकांच्या जागी ठेवण्याआधी थांब.

मराठीत 'मी न्याहारीस प्रारंभ केला' असं तू म्हणशील का? व्याकरण अचूक आहे, पण घरात कुणी असं बोलत नाही. 'कमेन्स' तसाच आहे. कार्यक्रम, सत्र, खटला कमेन्स होतो. न्याहारी बिगिन किंवा स्टार्ट होते. अर्थ सारखा असला तरी प्रत्येक शब्दाचं बसायचं ठिकाण वेगळं. सडपातळ, बारीक आणि हडकुळा हे तिन्ही कमी वजनाच्याच माणसाला म्हणतात, पण हडकुळा म्हटलं तर तो रुसेल. स्लिम, थिन, स्किनी यांचं अगदी तेच आहे. 'चाइल्डलाइक' म्हणजे निरागस आणि 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. एक कौतुक, दुसरी तक्रार.

'एक्स्पायर'चं नाव काढलंस म्हणून एक आठवण सांगते. खूप वर्षांपूर्वी देवळाली गावातून येणारी नववीतली एक मुलगी होती. आठवडाभर आली नाही, आली तेव्हा रजेचा अर्ज घेऊन आली. स्वतः इंग्रजीत लिहिलेला, रेघा मारलेल्या वहीच्या पानावर, समास सोडून. त्यात होतं, 'माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड ऑन मंडे.' मी नेहमीच्या सवयीने लाल पेनने 'एक्स्पायर्ड'वर काट मारली आणि वर 'डाइड' लिहिलं. औषधं एक्स्पायर होतात, माणसं नाही, असंही वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले. मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, मला 'डाय' येत होतं. पण आजीला 'मेली' कसं लिहू?"

मला उत्तर सुचलं नाही. तिला चुकलं असं मी समजले होते, आणि तिचा तर कान माझ्यापेक्षा शाबूत होता. मराठीत आपण कावळा मेला म्हणतो, आजी वारली किंवा गेली म्हणतो, कुणी मोठं माणूस असेल तर निधन झालं म्हणतो. तो मान तिला इंग्रजीत आणायचा होता आणि त्यासाठीचा शब्द मी तिला कधी दिलाच नव्हता. 'एक्स्पायर'च्या मुळाशी श्वास बाहेर सोडण्याचा अर्थ आहे, आणि माणसांसाठी तो जुन्या इंग्रजीत वापरलेला सापडतो. आता मात्र लायसन्स, पास, औषधं यांनाच तो जास्त लागतो. तिला हवा होता तो 'पास्ड अवे'. दुसऱ्या दिवशी मी अर्जाचं पान परत मागून घेतलं, माझी काट खोडली आणि तिथे 'पास्ड अवे' लिहिलं, आणि तो शब्द फळ्यावर लिहून वर्गालाही सांगितला. त्यानंतर समानार्थी शब्द शिकवताना मी प्रत्येकापुढे एक रकाना वाढवला: हा कोण कुणाला म्हणतो?

तुझ्या दोनशे शब्दांपुढे तो रकाना आख. ज्यांच्यापुढे काही लिहिता येईल तेवढेच निबंधात घे. 'डाय'ही टाकून देऊ नकोस, बातमीत, इतिहासात, शास्त्रात तोच बरोबर असतो.

प्रश्न : मॅडम, मी पर्यटकांची गाडी चालवतो. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीला बरेच पाहुणे नेतो. मी 'वाइनयार्ड' म्हणतो तर एका पाहुण्याने हसून दुरुस्त केलं. बरोबर काय? (एक चालक, गंगापूर रोड)

उत्तर : हसणं बरोबर नव्हतं, दुरुस्ती बरोबर होती. 'वाइन' आणि 'वाइनरी' यांत 'वाइ' आहे. द्राक्षवेलीला एकटं म्हणताना 'व्हाइन'. पण बागेला म्हणताना उच्चार आखडतो आणि 'व्हिन्यर्ड' होतो. तुमच्या कामाचे आणखी दोन घ्या. घड म्हणजे 'बंच', आणि बेदाणा म्हणजे 'रेझिन'. पाहुण्यांना गोष्ट सांगायची असेल तर कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही त्यांच्याकडेही आहे, आणि तिच्यावरून ते 'सावर ग्रेप्स' म्हणतात, म्हणजे मिळालं नाही म्हणून नावं ठेवणं. आणि 'व्हिन्यर्ड' म्हणताना सगळा जोर 'व्हिन'वर द्या, 'यर्ड' हळूच सोडा.